चार मिलिलिटर जेल

प्लॅस्टिकची ही नळी बघा. आत चार मिलिलिटर पारदर्शक जेल आहे. २००७ ते २०१० या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतातल्या ८८९ स्त्रियांनी अशा नळ्या घरी नेल्या. निम्म्या जणींच्या जेलमध्ये एचआयव्ही टाळण्यासाठीचं औषध होतं, निम्म्या जणींच्या नव्हतं. शरीरसंबंधाआधीच्या बारा तासांत एकदा योनीत लावायचं, नंतरच्या बारा तासांत एकदा. महिन्याच्या शेवटी वापरलेल्या, न वापरलेल्या, सगळ्या नळ्या दवाखान्यात परत आणायच्या. तिथे एकेक नळी मोजली जायची.

एवढा खटाटोप कशासाठी? कंडोम होतंच की! पण ते पुरुषाच्या मर्जीवर. तो ‘नको’ म्हणाला की बाईचा इलाज खुंटला. साथरोगतज्ज्ञ झेना स्टाइन यांनी १९९० सालीच लिहिलं होतं, की एचआयव्ही टाळायचा उपाय बाईच्या स्वतःच्या हातात हवा.

शोधाची सुरुवात शुक्राणुनाशकापासून झाली. नॉनॉक्सिनॉल-९ प्रयोगशाळेत विषाणूचं आवरण फोडायचं, पण योनीचं नाजूक अस्तरही त्यातून सुटायचं नाही. २००० साली चाचणीचे निष्कर्ष आले. हे जेल वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये लागण उलट वाढली होती. ज्यांनी विश्वासानं ते लावलं, त्यांनाच इजा झाली. हे आजही वाचवत नाही.

पुढे सेल्युलोज सल्फेटच्या जेलची चाचणी २००७ मध्ये मध्येच थांबवावी लागली. समुद्री शेवाळापासून केलेलं कॅरागार्ड निरुपद्रवी ठरलं, पण निरुपयोगीही. प्रो-२००० या जेलची चाचणी नऊ हजारांहून अधिक स्त्रियांमध्ये झाली, त्याचाही गुण आला नाही.

मग दिशा बदलली. एचआयव्हीच्या उपचारातलंच टेनोफोव्हिर जेलमध्ये घातलं. पेशीत शिरलेला विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनएची प्रत काढतो. टेनोफोव्हिर ती प्रत अर्ध्यावरच तोडतं. क्वाझुलू-नातालच्या नळ्यांमध्ये होतं ते हेच. कुरेशा आणि सलीम अब्दुल करीम यांच्या चमूनं जुलै २०१० मध्ये व्हिएन्नातल्या एड्स परिषदेत आकडा सांगितला: लागण ३९ टक्क्यांनी कमी. सभागृह उठून उभं राहिलं.

त्यानंतर तीन देशांतल्या ५,०२९ स्त्रियांची मोठी चाचणी झाली. त्यातल्या एका गटाला हेच जेल रोज लावायला दिलं होतं. मोजणीत बहुतेक नळ्या वापरलेल्या दिसत होत्या. रक्तात मात्र औषधाचा माग जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या नमुन्यांत लागला. २०१५ मध्ये आणखी एका चाचणीत, २,०५९ स्त्रियांमध्ये, जेलनं संरक्षण दिलंच नाही.

‘बायकांनी नीट वापरलं नाही’ म्हणून हात झटकणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांतल्या कितीतरी जणी तरुण, अविवाहित, आईवडिलांच्या घरात राहणाऱ्या. नळ्यांचा खोका ठेवायचा कुठे? जोडीदारानं पाहिला तर काय सांगायचं? एचआयव्हीचं औषध घरात सापडलं, तर हिलाच एचआयव्ही आहे असं लोक धरून चालतात. बारा तास आधी अन् बारा तास नंतर हा हिशेब कागदावर जमतो. घरात तेवढा एकांत असावा लागतो.

संशोधक या अडचणींकडे वळले. डॅपिव्हिरिन औषधाची लवचीक रिंग आली, महिनाभर योनीत राहणारी. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिची शिफारस केली. २०२४ मध्ये लेनाकापाव्हिरचे निष्कर्ष आले. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २,१३४ तरुणींना हे इंजेक्शन दिलं होतं, त्यांतल्या एकीलाही लागण झाली नाही. वर्षातून दोनदा पोटाच्या त्वचेखाली टोचायचं. घरी लपवायला काही न्यावंच लागत नाही.