साडेसहा लाख बंदुका

हा ढीग बघा. रायफली, शॉटगन, काहींचे लाकडी दस्ते अजून चकाकतायत, आणि हे मशीन एकेक उचलून नळ्या काडीसारख्या वाकवतंय. ऑस्ट्रेलिया, १९९७.

सुरुवात टास्मानियातल्या पोर्ट आर्थरला. कैद्यांच्या जुन्या तुरुंगाचे अवशेष आहेत तिथे, लोक रविवारचे बघायला आलेले. २८ एप्रिल १९९६. एकाच माणसाने सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरणाऱ्या, रायफलींनी ३५ जणांना मारलं.

जॉन हॉवर्ड तेव्हा पंतप्रधान होऊन दोन महिनेही झाले नव्हते. उजव्या विचारांचं सरकार, आणि ज्या गावाकडच्या लोकांनी मतं दिली त्यांच्याच घरात बंदुका. बरं, बंदुकीचे कायदे राज्यांच्या हातात, म्हणजे प्रत्येक राज्याला तयार करणं आलं. तरी १२ दिवसांत, १० मेला, सगळी राज्यं एका मसुद्यावर आली. हे होऊ शकतं, हे लक्षात ठेवा.

हा सीन थांबवून बघा. जून, व्हिक्टोरिया राज्यातल्या सेल गावातली सभा, समोर चिडलेले बंदूकवाले. हॉवर्डच्या कोटाखाली काहीतरी फुगलंय ना, ते बुलेटप्रूफ जॅकेट. नंतर ते स्वतःच म्हणाले की घालायला नको होतं.

आता खरं काम. सेमी-ऑटोमॅटिक रायफली आणि पंप-अ‍ॅक्शन शॉटगनवर बंदी, पण लोकांकडे असलेल्यांचं काय? नुसत्या जप्त नाही केल्या, विकत घेतल्या. मॉडेलप्रमाणे दराची यादी छापली, त्यासाठी लोकांच्या मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) कराचा दर एक वर्ष १.५ वरून १.७ टक्के केला, म्हणजे ज्याने आयुष्यात बंदूक धरली नाही त्यानेही पैसे भरले. १२ महिने लोक येत होते, कुणी खांद्यावर टाकून, कुणी चादरीत गुंडाळून. साधारण साडेसहा लाख जमा झाल्या. उरलेल्या प्रत्येक बंदुकीची नोंद, नवीन हवी तर २८ दिवस थांबा आणि ठोस कारण द्या, आणि 'स्वसंरक्षण' हे कारण चालत नाही. मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं.

पुढे बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या आणि खून कमी झाले, खून आधीपासूनच उतरत होते म्हणून श्रेय किती यावर अभ्यासकांचे वाद आजही चालू आहेत.

आणि ही पोर्ट आर्थरची कॅफे, जिथे सर्वात जास्त माणसं मारली गेली. छप्पर नाही, भिंती तेवढ्या राखल्यात. बाजूला पाणी.