बंदर बंद आहे

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘पॅटागोनियातले वन्यजीव आणि तिथला वारा’. वन्यजीव ठळक, वारा बारीक टायपात. माझ्या हातात असतं तर उलटं छापलं असतं. आज मला सांगायचंय ते एवढंच, की तिथे वाऱ्याला अडचण समजून जाणारा माणूस निम्मं बघून परत येतो.

भूगोल थोडक्यात. पॅटागोनिया म्हणजे दक्षिण अमेरिकेचं दक्षिणेकडचं टोक, अर्जेंटिना आणि चिलीत वाटलेलं. दक्षिणेला चाळीस अक्षांशांच्या पलीकडे पश्चिमेचा वारा समुद्रावरून सुसाट येतो. टास्मानिया, न्यूझीलंड सोडलं तर दक्षिण अमेरिकेच्या टोकाशिवाय त्याला आडवं कुणी नाही. अँडीज त्याचा पाऊस चिलीच्या बाजूला काढून घेतो आणि अर्जेंटिनात उतरतो तो कोरडा वारा. माणदेशातली मंडळी इथे बसलीत, त्यांना पर्जन्यछाया मी काय सांगू?

आता माझं दुखणं. ते सांगितल्याशिवाय मी पुढे सरकणार नाही. आम्ही गेलो एका पर्यटन कंपनीबरोबर. नाव घेत नाही, तुमच्यातल्याच कुणीतरी त्यांच्याकडे केनियाचे पैसे भरलेले असायचे. कार्यक्रमपत्रिकेत ब्वेनोस आयरेसला तीन रात्री, त्यात चामड्याच्या जाकिटांची खरेदी. आणि पोर्तो माद्रिन या अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावरच्या गावाच्या नावापुढे काय? ‘गेटवे टाऊन, एक मुक्काम.’ म्हणजे गाव कशासाठी, तर सामान टाकायला!

हे गाव कसं वसलं, ऐका. 1865 साली ‘मिमोसा’ नावाच्या जहाजातून वेल्सची दीडशेच्या आसपास माणसं इथे उतरली. कशासाठी? आपली भाषा इंग्रजीखाली चिरडू नये म्हणून. भाषा टिकवायला आपण परिसंवाद भरवतो, त्यांनी जहाज पकडलं. जवळच्या गायमान गावात आजही वेल्श चहाघरं आहेत, काळा केक मिळतो. 1995 साली प्रिन्सेस डायना तिथे चहा पिऊन गेली. आमच्या नशिबात तो चहा नव्हता, कारण एकच मुक्काम!

तर दुसऱ्या दिवशी बसने पोर्तो पिरामिदेस. वाल्देस द्वीपकल्पावर देवमाशांच्या बोटी सुटतात त्या इथूनच. पोचलो तर तटरक्षकांनी सांगितलं, बंदर बंद. आकाश निळंशार, ऊन लख्ख. आमच्यातले एक काका टूर मॅनेजरला म्हणाले, “अरे, ढग नाही, थेंब नाही, बोट का नाही?” तेवढ्यात त्यांची टोपी अटलांटिकच्या दिशेने गेली. उत्तर मिळालं. मॅनेजरने पत्रिकेतली बारीक ओळ दाखवली, निसर्गाच्या लहरीला कंपनी जबाबदार नाही. बस परत हॉटेलात.

आम्ही चौघं टॅक्सी करून निघालो. गावापासून 15 किलोमीटरवर एल दोरादिज्यो नावाचा गोट्यांचा किनारा आहे. ड्रायव्हरने गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावली आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडा, असं खुणेनं बजावलं. तिकडे वाऱ्याने दारं बिजागरीतून मुडपतात. भरतीची वेळ होती. तिथला तळ एकदम खोल होतो, त्यामुळे सदर्न राइट व्हेल, म्हणजे इथल्या जातीचा देवमासा, अगदी काठाशी येते. आई होती, पिल्लू होतं. डोक्यावरचे पांढरट, खरबरीत चट्टे दुर्बिणीशिवाय दिसत होते. तिने श्वास सोडला की आधी आवाज यायचा, मग त्या फवाऱ्याचे तुषार आडवे उडून जायचे. बोट नाही, तिकीट नाही. बाकीची मंडळी तेव्हा हॉटेलात बॅगा भरत होती.

कार्यवाहांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मुख्य मुद्दा राहिलाच आहे, तो पळवतो: तिथे वारा टाळत नाहीत, त्याच्यासकट जगतात.

वाल्देसचे देवमासे शेपूट पाण्याबाहेर उभं धरतात आणि वाऱ्याला ढकलू देतात. शिडासारखं! रॉजर पेन या संशोधकाने हे लिहून ठेवलंय. कोंडोर हा अँडीजमधला गिधाडासारखा, 15 किलोपर्यंत भरणारा पक्षी. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पक्ष्यांवर यंत्रं बसवली होती, तर उडण्याच्या वेळेतला फक्त 1 टक्का पंख हलवण्यात गेला. एक पठ्ठ्या पाच तासांहून जास्त, 172 किलोमीटर, एकदाही पंख न फडकवता गेला. वारा नसता तर त्याने काय केलं असतं? माणसांचंही तेच. चिलीतल्या पुंता अरेनासला वारा चढला की नगरपालिका रस्त्यात दोर बांधते, लोक धरून चालतात आणि कामावर जातात.

म्हणून सांगतो, मुक्काम गावात वाढवा. बंदर एक दिवस बंद राहील, तीन दिवस सहसा राहत नाही. देवमासे जून ते डिसेंबर. पुंता तोंबोचे पेंग्विन सप्टेंबर ते मार्च, आणि तिथे वाट ओलांडताना पहिला मान पेंग्विनचा. सी लायनच्या पिल्लांसाठी किनाऱ्यावर झेपावणाऱ्या ओर्का, म्हणजे किलर व्हेल, मार्च-एप्रिलमध्ये, वाल्देसवरच्या पुंता नोर्तेला. कानटोपी बांधायची हवी, नुसती घालायची चालणार नाही. खर्चाचे प्रश्न बाहेर विचारा, इथे माईकवर नको.