आधी राहायला आलेल्यांचं काय?

मंदीच्या काळात पाण्याकाठच्या एखाद्या नव्या टॉवरची तब्येत कशी आहे हे कळायला ताळेबंद लागत नाही. रात्री आठच्या सुमारास समोरच्या रस्त्यावर उभं राहायचं आणि उजेड असलेल्या खिडक्या मोजायच्या. चाळीस मजल्यांत दहा-बारा दिसल्या, की काय ते समजायचं. मला आज बोलायचंय ते त्या दहा-बारा खिडक्यांमागच्या माणसांबद्दल. बिल्डर कसा बुडाला, बँक कशी बुडाली, यावर भरपूर लिहिलं गेलंय. पण पूर्ण पैसे भरून जो सगळ्यांच्या आधी राहायला आला, त्याचं पुढे काय झालं याकडे फारसं कुणी बघत नाही.

त्याआधी, हे पाण्याकाठीच इतकं का जाणवतं ते पाहू. शहराबाहेर बंगल्यांची वसाहत बांधणारा माणूस मागणी आटली की विसाव्या बंगल्यावर थांबतो. उरलेल्या जमिनीवर फार तर गवत वाढतं. टॉवरवाल्याला ही सोय नाही. अर्ध्या टॉवरचा ताबा देता येत नाही, त्यामुळे एकदा सुरुवात केली की शेवटचा मजला गाठावाच लागतो. त्यातून जागा काठावरची, म्हणजे बहुतेकदा जुनी गोदी, गोदामं नाहीतर बंद पडलेला कारखाना. माती बिघडलेली, पाणी वर. खोल पाइल, म्हणजे पायाचे खांब, घालायचे, काठाची भिंत नव्यानं बांधायची. न्यूयॉर्कनं मे 2005 मध्ये ब्रुकलिनमधल्या ग्रीनपॉइंट-विल्यम्सबर्गच्या नदीकाठी उंच इमारतींना वाट मोकळी केली, तेव्हा काठावर लोकांना फिरायला जागा बिल्डरनं करून द्यायची, अशी अटही घातली. अट चांगलीच होती. पण असला सगळा खर्च पहिली किल्ली कुणाच्या हातात पडण्याआधीच होऊन बसतो, हेही खरं.

आणि मग मधली वर्षं. आराखड्यापासून ताब्यापर्यंत चार-पाच वर्षं सहज जातात. 2005 च्या भावानं विकलेला फ्लॅट 2008-09 च्या बाजारात तयार होतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या मायामीत 2006 च्या अखेरीपासून 2011 पर्यंत घरांचे भाव जवळपास निम्म्यावर आले. तेजीच्या दिवसांत शहराच्या मध्यभागात वीस हजारांहून जास्त कॉन्डो, म्हणजे एकेकाच्या मालकीचे फ्लॅट, बांधले गेले होते आणि बुकिंग करणाऱ्यांतल्या अनेकांना तिथे राहायचंच नव्हतं. वीस टक्के भरायचे, इमारत उभी राहीपर्यंत थांबायचं आणि ताबा मिळताच विकून मोकळं व्हायचं, असा तो हिशेब. भाव निम्म्यावर आल्यावर वीस टक्क्यांवर पाणी सोडणं हाच स्वस्त मार्ग उरला. काहींना तेवढंही सोडायचं नव्हतं. वकिलांनी 1968 चा एक जुना केंद्रीय कायदा शोधून काढला. दूरच्या दलदलीतले आणि वाळवंटातले प्लॉट न दाखवताच विकणाऱ्यांना आवर घालायला तो केलेला होता. आता त्याच्यातल्या नोंदणीच्या आणि कागदपत्रांच्या तरतुदींवर बोट ठेवून आलिशान फ्लॅटचे करार रद्द करून घ्यायचे प्रयत्न सुरू झाले. प्लॉट घेऊन फसलेल्या गरिबांसाठीचा कायदा भाव चुकलेल्या श्रीमंतांच्या कामी आला! पुढे 2014 मध्ये अमेरिकी संसदेनं कॉन्डोंना त्यातल्या नोंदणीतून वगळलं.

ज्यांना खरोखर राहायचं होतं, त्यांची वेगळीच अडचण. 2009 मध्ये फॅनी मे या संस्थेनं नियम कडक केला. गृहकर्जं बँकांकडून विकत घेणारी ही संस्था. ती जे कर्ज घेणार नाही, ते द्यायला बँक कचरते. नव्या इमारतीतले आधी 51 टक्के फ्लॅट विकले गेले असले तरी चालत होतं, ते आता 70 टक्के हवेत असं ठरलं. शिवाय 15 टक्क्यांहून जास्त मालकांचा मेंटेनन्स थकलेला असेल तर ती इमारतच नको. संस्थेच्या बाजूनं बघितलं तर यात चूक काढता येत नाही. पण परिणाम बघा. फ्लॅट विकले जात नाहीत म्हणून कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणून फ्लॅट विकले जात नाहीत. उरतो तो रोखीनं घेणारा, आणि तो भाव पाडूनच मागतो.

आता त्या उजेडाच्या खिडक्यांकडे वळू.

समजा, इमारतीत 300 फ्लॅट आहेत आणि महिन्याचा खर्च दीड लाख डॉलर. लिफ्ट, विमा, पहारेकरी, पोहण्याचा तलाव, खाऱ्या वाऱ्यानं गंजणारे कठडे. सगळ्यांनी वाटून घेतलं तर घरटी 500 डॉलर. प्रत्यक्षात पैसे भरणारे 90 च निघाले, तर घरटी 1,600 च्या वर. तलाव तोच, लिफ्ट त्याच. तीनशे जणांसाठी लावलेल्या सहा लिफ्टमधल्या दोनच वापरायच्या म्हटलं तरी सहाही लिफ्टची देखभाल करावीच लागते. न विकलेल्या फ्लॅटचा वाटा बिल्डरनं उचलायचा असतो, पण त्यानं केव्हाच हात वर केलेले असतात. ज्यांनी कर्ज काढून घेतलं आणि हप्ते सोडले, ते मेंटेनन्स काय भरणार? राहता राहिली बँक. फ्लोरिडात जप्ती कोर्टामार्फतच होते आणि त्यात वर्षं जातात. फ्लॅट आपल्या नावावर आला की मेंटेनन्सही आपल्याच नावावर येतो, हे बँकेला ठाऊक असतं. मग घाई कुणाला असणार? आणि ताबा घेतला तरी मागची सगळी थकबाकी बँकेवर येत नाही. कायद्यानं तिला सहा महिन्यांची मर्यादा होती. 2010 मध्ये ती बारा महिन्यांवर नेली, त्यातही बारा महिन्यांची थकबाकी किंवा कर्जाचा एक टक्का, यापैकी जे कमी ते. बाकीचा खड्डा शेजाऱ्यांनी भरायचा. त्याच वर्षी इमारतीतल्या मालकांच्या असोसिएशनला थकबाकीदारांना तलाव-जिमची दारं बंद करायची आणि त्यांच्या भाडेकरूंकडून परस्पर भाडं घ्यायची मुभा मिळाली. म्हणजे घरमालक हप्ता भरत नाही, भाडं मात्र खिशात घालतो, असे प्रकार आमदारांच्या कानावर पोहोचण्याइतके वाढलेले होते.

खरी मेख याच्याही पुढे आहे. इमारत बँकेच्या गळ्यात पडली की ती घाऊक विकली जाते. मायामीतल्या आयकॉन ब्रिकेलचं उदाहरण घ्या. खाडीला लागून तीन टॉवर, सोळाशेहून जास्त फ्लॅट, अंतर्गत सजावट फिलिप स्टार्क यांची. 2010 मध्ये बिल्डर रिलेटेड ग्रुपनं त्यातले दोन टॉवर कर्ज देणाऱ्या बँकांच्या हवाली केले. कॉन्डो बांधायला कर्ज देण्यात पुढे असलेली शिकागोची कोरस बँक सप्टेंबर 2009 मध्ये बुडाली. तिची साडेचार अब्ज डॉलरची कर्जं स्टारवूड या गुंतवणूक कंपनीच्या नेतृत्वाखालच्या गटाला डॉलरमागे सुमारे साठ सेंटनं गेली. घाऊक घेणाऱ्याला फ्लॅट असा निम्म्या-पाऊण भावात पडतो, आणि तो भाड्यानं दिला तरी परवडतो. मग त्याला सुटे मालक अडचणीचे वाटू लागतात.

फ्लोरिडात 2007 पासून एक वाट उघडी होती. 80 टक्के मालकी हक्क एका बाजूला असतील आणि विरोध दहा टक्क्यांच्या वर नसेल, तर कॉन्डोची सुटी मालकीच मोडीत काढून सगळी इमारत एकाच्या नावावर करता येत होती. हेतू वेगळा होता. 2004-05 च्या चक्रीवादळांत मोडलेल्या इमारतींचं काय करायचं, तर एकेका मालकाची सही मिळेना. पण मंदीनंतर याच वाटेनं घाऊक मालक आले. दरवाढीच्या शिखरावर घर घेतलेल्या, एकही हप्ता न चुकवलेल्या माणसाला पडलेल्या बाजारभावानं पैसे घेऊन बाहेर पडायला सांगितलं गेलं. डोक्यावरचं कर्ज मिळालेल्या पैशांपेक्षा जास्त. घर गेलं आणि देणं शिल्लक राहिलं. 2015 मध्ये विधिमंडळानं दुरुस्ती केली: स्वतः राहणाऱ्या, बिल्डरकडूनच घेतलेल्या आणि हप्ते-मेंटेनन्स न थकवलेल्या मालकाला निदान मूळ खरेदीची किंमत मिळालीच पाहिजे. तोवर कितीतरी जण बाहेर पडलेले होते.

मायामी नंतर सावरलं. लॅटिन अमेरिकेतून रोख पैसा आला, नव्या इमारतींत बिल्डर पन्नास टक्के आगाऊ मागू लागले, आणि गिऱ्हाईक देऊही लागलं. याला लोक बाजार शहाणा झाला म्हणतात. मला तसं वाटत नाही. जोखीम बँकेकडून गिऱ्हाइकाकडे सरकली, इतकंच. पन्नास टक्के रोख कुणाकडे असतात? ज्याला तिथे राहायची गरज नाही, त्याच्याकडे. म्हणजे भाव चढले तरी रात्री आठच्या खिडक्यांत फार फरक पडायचं कारण नाही.

शिकागोत मिशिगन सरोवराच्या काठी, नदीच्या मुखाशी, सांतियागो कालात्रावा यांनी रेखाटलेला 2,000 फुटी स्पायर नावाचा टॉवर उभा राहायचा होता. 150 मजले, जवळपास 1,200 घरं. 2007 मध्ये काम सुरू झालं, 2008 मध्ये थांबलं. कालात्रावांनी थकलेल्या पैशांसाठी जागेवर बोजा चढवला. उरला तो 76 फूट खोल, 110 फूट रुंद गोल खड्डा. तिथे कुणी आधी राहायला आलं नव्हतं, एवढं मात्र बरं झालं. 2024 मध्ये त्याच जागेवर पुन्हा बांधकाम सुरू झालं. या खेपेला टॉवर 72 मजल्यांचा आहे आणि घरं भाड्यानं द्यायची आहेत.