मे महिन्याचे ३१ आकडे

(नागपुरात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या कुठल्याही पुस्तकात सुरुवातीला तेच सराव भेटतात: संख्या सम की विषम, वर्ष लीप आहे का, चांदण्यांचा त्रिकोण. करायला हरकत नाही. पण एकातलं दुसऱ्याला काही लागत नाही, म्हणून ते डोक्यात टिकत नाहीत. आज आपण एकच विषय शेवटपर्यंत नेऊ: नागपूरचा मे महिना. सोनेगावला नोंदलेलं रोजचं कमाल तापमान, एकूण ३१ आकडे.

आधी इफ-एल्स, म्हणजे ‘अमुक असेल तर हे, नाहीतर ते’. हवामान खात्याचा एक निकष असा: कमाल तापमान ४५ अंश किंवा त्याहून जास्त असेल तर उष्णतेची लाट, ४७ किंवा जास्त असेल तर तीव्र लाट. (सरासरीपेक्षा किती वाढलं यावरही निकष आहे, तो घरी जोडा.) बरेच जण ४५ ची अट वर लिहितात आणि ४७ ची एल्स-इफमध्ये खाली. कंपायलर (आपला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देणारा) चकार शब्द काढत नाही, आणि ४७.८ अंशांना नुसती ‘लाट’ छापली जाते. वरची अट खरी ठरली की जावा खालची बघतही नाही. तेव्हा कडक अट वर घ्या. तपासताना ३८ आणि ४८ देऊन खूश होऊ नका; ४४.९, ४५, ४६.९ आणि ४७ देऊन बघा. ‘मोठं’ आणि ‘मोठं किंवा समान’ यांतला घोळ तिथेच सापडतो.

आता लूप, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करणं. ३१ आकडे ॲरेत, म्हणजे एका नावाच्या रांगेत, ठेवले की त्यांचे क्रमांक ० ते ३०. (इथे झिरो माइलचा दाखला द्यायचा मोह नागपुरात प्रत्येक शिक्षकाला होतो. मी टाळतो.) लूपच्या अटीत क्रमांक ‘३१ पेक्षा लहान’ऐवजी ‘लहान किंवा समान’ लिहिलं तर ‘ॲरे इंडेक्स आउट ऑफ बाउंड्स’ येऊन प्रोग्राम तिथेच थांबतो. त्याची मला फारशी काळजी नाही. कमाल शोधताना सुरुवातीची किंमत ० धरली तर मात्र इथे उत्तर कायम बरोबर येईल; लडाखमधल्या द्रासच्या जानेवारीचे शून्याखालचे आकडे घालेपर्यंत चूक लक्षातच येणार नाही. सुरुवात ॲरेतल्या पहिल्या आकड्याने करा.

आणि खरी गंमत पुढे. सलग किती दिवस लाट होती, त्यातली सर्वांत लांब साखळी शोधा. लाटेचा दिवस आला की मोजणी एकने वाढवायची, साखळी तुटली की विक्रमाशी ताडून बघायची आणि मोजणी ०. बरोबर वाटतं ना? पण नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते कडक नऊ दिवस, साधारण २५ मेला लागतो. समजा २७ ते ३१ मे पाचही दिवस पारा ४५ च्या वर राहिला. साखळी तुटण्याआधीच ॲरे संपला, ताडून बघायची वेळच आली नाही, आणि ते पाच दिवस हिशेबातून गळाले. लूप संपल्यावर आणखी एकदा ताडून बघा, किंवा दर दिवशी बघा. मी दर दिवशी बघतो. विसरायला जागा राहत नाही.

क्लासची, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र ठेवणाऱ्या साच्याची, गरज कधी पडते? घरी जोडायच्या त्या सरासरीच्या निकषात लाटेचा विचार करायला मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० लागतं, किनाऱ्यावर ३७, डोंगराळ भागात ३०. नागपूरचा प्रोग्राम रत्नागिरीला द्यायचा तर चाळीसचा आकडा पाच ठिकाणी शोधत बसाल. त्याऐवजी ‘ठिकाण’ नावाचा क्लास करा, उंबरठा त्यात प्रायव्हेट (बाहेरून हात न लागेल असा) ठेवा, कन्स्ट्रक्टरमधून (ऑब्जेक्ट, म्हणजे साच्यातून काढलेली वस्तू, तयार होताना चालणारा भाग) एकदाच भरा, आणि ‘लाट आहे का’ हे त्या ऑब्जेक्टलाच विचारा. नावं देवनागरीत दिलीत तरी जावाला चालतात, इफ आणि क्लास हे शब्द तेवढे त्याच्याच लिपीत हवेत.

पुढच्या वेळेपर्यंत एक करून आणा. नवतपा जूनच्या पहिल्या दिवसांत संपतो, म्हणजे साखळी दोन महिन्यांवर पसरू शकते. दोन ॲरे ठेवायचे की ‘दिवस’ नावाचा वेगळा क्लास करून त्यात तारीख घालायची, हे तुम्ही ठरवा आणि का ते सांगा.