झाकणाचं माप

(नागपुरात प्राध्यापक आणि शासकीय अधिकाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, वर्धा रोडला पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था, नीरी आहे, त्याच रस्त्यानं पुढे कापूस संशोधन संस्था. अमरावती रोडला मृदा सर्वेक्षणाचं राष्ट्रीय ब्युरो. आपलं मेडिकल कॉलेज आहे, अभियांत्रिकीची व्हीएनआयटी आहे, १९२३ पासूनचं विद्यापीठ आहे. गाडीवर निघालात तर एका दिवसात सगळीकडे जाऊन याल. आणि इथून दीडशेएक किलोमीटरवर, यवतमाळ जिल्ह्यात, २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं गेले. शेकडो दवाखान्यात होते.

कीटकशास्त्रज्ञ म्हणाले, गुलाबी बोंडअळी बीटीला, म्हणजे अळीला मारणारा जनुक घातलेल्या कपाशीला, दाद देईना, म्हणून फवारण्या वाढल्या. डॉक्टर म्हणाले, कोणतं औषध अंगात गेलं तेच कळत नव्हतं, दोन-तीन एकत्र कालवलेली. कृषी अधिकारी म्हणाले, मास्क आणि हातमोजे वापरत नाहीत. सगळं खरं होतं. पण प्रत्येकानं आपापल्या टेबलावरून दिसलं तेवढंच सांगितलं.

नंतर मी एका फवारणी करणाऱ्या मजुराबरोबर दिवसभर शेतात राहिलो. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, दोन ओळींतून चालताना फवारा तोंडावरच यायचा. बाटलीवर मिलिलिटर लिहिलेलं, तो मात्र झाकणानं मोजत होता. मी विचारलं, मास्क का नाही? तो म्हणाला, "सर, मजुरी पंपावर आहे. तोंड बांधलं तर दम लागते, पंप कमी होतात." मजुरी दिवसावर नाही, किती पंप फवारले त्यावर! इतके अहवाल वाचले होते, पण ही गोष्ट मला त्या बांधावर कळली. त्या एका वाक्यात अर्थशास्त्र आहे, शरीरशास्त्र आहे, कामगार कायदा आहे. ते त्याच्याकडे होतं, आमच्या कुणाकडेच नव्हतं.

फ्रान्समधल्या नीस शहरात १९७० साली एका परिषदेत मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी विद्याशाखांच्या पलीकडे जाणाऱ्या अभ्यासाची कल्पना मांडली. पुढे तिच्यात आणखी एक गोष्ट आली, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची: ज्याच्या अंगावर प्रश्न येतो, तो माणूस प्रश्न ठरवतानाच सोबत हवा. चार विभागांचे प्राध्यापक एका टेबलाशी बसले, की आंतरविद्याशाखीय काम होतं. तो मजूर त्या टेबलाशी बसला, की टेबलावरचा प्रश्नच बदलतो.

हे परदेशातून आणायला नको. शेजारी गडचिरोलीत 'सर्च' या आरोग्यसंस्थेत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ते करून दाखवलंय. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे श्वास मोजून कळतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला साठ ही धोक्याची रेषा. पण गावच्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? म्हणून एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी असं साधन झालं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत सहावा, लाल मणी सरकला, तर उपचार लगेच. सुईणीला जेवढं मोजता येत होतं, त्यावरून साधन घडलं. पुढे घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोग १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताईंच्या कामात आला. गावातलं ज्ञान असं धोरणात पोचलं.

मग आपल्याकडे अडतं कुठे? वेळापत्रकात. नव्या अभ्यासक्रमात सीईपी, म्हणजे समाजात जाऊन करायचं काम, आली, फील्ड प्रोजेक्ट आलं, मला मनापासून आनंद झाला. आमच्या कॉलेजात ते दुसऱ्या सत्रात टाकलं. मुलं फेब्रुवारीत गावात गेली, तेव्हा शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झालेली झाडं, उपटणं चालू होतं. फवारणी ऑगस्ट ते ऑक्टोबर! मुलांनी प्रश्नावल्या भरून आणल्या, स्पायरल बाइंडिंग झालं, मी सह्या केल्या. त्या सह्यांची मला आजही खंत वाटते. सत्र पिकाप्रमाणे बसवायला हवं, हे आम्हाला सुचलंच नाही.

दुसरं अडतं बढतीत. पाच जणांनी मिळून लिहिलेल्या निबंधात माझे गुण वाटले जातात. गावातल्या बैठकीला तर गुणच नाहीत. तरुण प्राध्यापकानं मग काय करावं? त्याला दोष देऊ नका, बढतीच्या अर्जातला गुणांचा रकाना बदला.

यूजीसीनं २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' आणलं. औपचारिक पदवीची सक्ती नाही, अनुभव हवा. त्या खुर्चीवर आपण कंपनीतले अधिकारी बोलावतो, जरूर बोलवा. पण पंधरा-वीस वर्षं काम केलेल्या आशाताईंनाही एका सत्रासाठी बोलवा, पूर्ण मानधनावर, विद्यार्थ्यांना गुण द्यायच्या अधिकारासह.

अधिकारी मंडळींना माझी मागणी लहान आहे. फवारणीची पुढची सूचना काढण्याआधी कच्चा मसुदा घेऊन एकदा शेतावर चला. लेबल छापायच्या आधी फवारणी करणाऱ्या दहा जणांना ते वाचायला द्या आणि औषध ते कशानं मोजतात ते विचारा. बाटलीचं झाकणच मापाचं करता येईल का, हे आमची अभियांत्रिकीची मुलं सांगतील. यंदा आम्ही फील्ड प्रोजेक्ट पहिल्या सत्रात आणतोय. पहिली बैठक ऑगस्टमध्ये, सकाळी सातला, त्या दिवसाची फवारणी सुरू व्हायच्या आधी, बांधावर.