14 मिनिटं 35 सेकंद

(दृश्य: व्हीसीआरमध्ये कॅसेट सरकते. टीव्हीवर मुंग्या.)

ही कॅसेट आमच्या गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीची. लायब्ररी बंद पडली तेव्हा मालकाने उरलेला माल स्वस्तात काढला, त्यात ही माझ्याकडे आली. लेबलवर बॉलपेनने लिहिलंय, 'कुस्ती 3'. एवढ्याशा चिठ्ठीवर 'रेसलमेनिया' कुठे मावणार! रेसलमेनिया म्हणजे अमेरिकन व्यावसायिक कुस्तीचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम, हा तिसरा.

(दृश्य: पांढऱ्या छपराचं भव्य स्टेडियम. चित्र थोडं हलतंय.)

29 मार्च 1987. अमेरिकेतलं मिशिगन राज्य, पॉन्टियॅक गाव, सिल्व्हरडोम स्टेडियम. वर दिसतंय ते छप्पर कापडी आहे, आतल्या हवेच्या दाबावर तरंगणारं. वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनने प्रेक्षकांचा आकडा सांगितला 93,173. त्या आकड्यावर जाणकार आजही भांडतात. आकडा 78 हजारांवर जात नाही, असं म्हणणारा एक पक्ष आहे. आपण त्या भांडणात पडायला नको. वरच्या रांगेत बसलेल्या माणसाला रिंग काडेपेटीएवढी दिसत असणार, एवढं मात्र नक्की.

(दृश्य: छोट्या रिंगसारखी दिसणारी गाडी, तिच्यावर उभा पैलवान.)

या गाड्या बघा. ड्रेसिंग रूमपासून रिंगपर्यंतचं अंतर इतकं, की पैलवानांना चालवत आणलं असतं तर निम्मा कार्यक्रम वाटेतच गेला असता. म्हणून ही चाकांवरची रिंग. दोर, खांब, सगळं बसवलेलं. आमच्याकडे वरातीतल्या नवरदेवाचाही एवढा थाट नसतो.

(दृश्य: चादरीवर पसरलेली ट्रम्प कार्डं. एक हात कार्ड उलटतो.)

माझ्या पिढीला हे पैलवान आधी कार्डांवर भेटले. उंची, वजन, छाती, दंड, रँक. मधल्या सुट्टीत बाकाखाली डाव रंगायचे. आंद्रे द जायंटचं कार्ड हाती आलं की वजनावर खेळायचं, समोरचा गप्प. म्हणजे पैलवान मोजायचा तो किलोत आणि इंचांत, हे आमच्या डोक्यात तेव्हाच पक्कं बसलं. ते निघायला पुढे बरीच वर्षं लागली.

रेसलमेनिया 3 म्हटलं की अजूनही लोक एकच चित्र सांगतात. हल्क होगनने आंद्रेला उचलून आपटलं. ते येईल शेवटी. बारा लढतींच्या या कार्यक्रमात मला दाखवायचीय ती मधली एक.

(दृश्य: रँडी सॅव्हेज आणि मिस एलिझाबेथ गाडीवर. चित्रावर पांढऱ्या रेघा.)

हा 'माचो मॅन' रँडी सॅव्हेज. मूळ आडनाव पॉफो, वडील अँजेलो पॉफो स्वतः व्यावसायिक कुस्तीतले. रँडी आधी बेसबॉल खेळायचा, खालच्या दर्जाच्या व्यावसायिक संघांतून. वर पोचला नाही, मग घरच्या धंद्यात आला. इथे त्याच्याकडे इंटरकॉन्टिनेंटल पट्टा आहे, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचं विजेतेपद, तोही 414 दिवसांपासून. सोबत त्याची मॅनेजर एलिझाबेथ. कॅमेरा तिच्याकडे गेला की मी गप्प बसणार आहे. तुम्हीच बघा.

(दृश्य: रिकी स्टीमबोट रिंगमध्ये.)

आणि हा रिकी 'द ड्रॅगन' स्टीमबोट. याचं खरं नाव रिचर्ड ब्लड. ब्लड म्हणजे रक्त! एवढं फर्मास आडनाव, पण ते खलनायकाला शोभणारं, आणि पोरगा तर चेहऱ्यानेच सज्जन. म्हणून आयोजकाने त्याला स्टीमबोट करून टाकलं.

आता या दोघांचं वैर. नोव्हेंबर 1986 मध्ये सॅव्हेजने स्टीमबोटची मान लोखंडी कठड्यावर आडवी धरली, वरून उडी मारून घाव घातला, आणि मग टाइमकीपरची घंटा उचलून वरच्या दोरावरून त्याच्या गळ्यावर मारली. कथा अशी की कंठ चिरडला, आवाज गेला. स्टीमबोट कित्येक आठवडे टीव्हीवर बोलायला शिकत होता. हो, ठरवलेलंच होतं सगळं. नुराच. पण चार महिने एक घंटा प्रेक्षकांच्या लक्षात ठेवायची, हे ठरवून तरी किती जणांना जमतं?

(दृश्य: तालमीतली लाल माती. मामा लंगोट्यातल्या पोराला हात धरून वळवतात.)

हे माझे मामा. तरुणपणी जत्रेतल्या मैदानात लढलेले. त्यांना ही कॅसेट दाखवली तेव्हा पहिली दहा मिनिटं त्यांनी शेंगा सोलण्यातच घालवली. मग स्टीमबोटने सॅव्हेजला दंडाला धरून फेकलं आणि मामांनी रिमोट मागितला. "आरं, हात सोडला न्हाई बघ त्यानं. फेकलं, तरी मनगट धरूनच हाय."

तेच ते. बाकीचे पैलवान समोरच्याला फेकून मोकळे होतात. स्टीमबोट फेकतो आणि धरून ठेवतो, पडणारा नीट पडतो आणि पडला तिथेच अडकतो. मातीत मामा पोराला दाखवतायत ते हेच. आपल्याकडे समोरचा सुटू नये म्हणून धरतात. तिथे तो सुटूही नये आणि मोडूही नये म्हणून. फळ्यांवर पातळ गादी, वर ताणलेलं कापड, त्यावर पाठ टाकायची. मामांचं मत मात्र बदललेलं नाही. "कुस्ती न्हवं ही. पण पडतंय झ्याक." मला तेवढं पुरे.

(दृश्य: वहीचं पान. पेनने आकडे टाकलेली यादी. प्रतीकात्मक.)

ही वही माझी आहे, त्यांची नव्हे. पण अशीच काहीतरी असणार. त्या काळी बहुतेक लढती रिंगमध्येच जुळायच्या, एकमेकांच्या कानात कुजबुजत. शेवट माहीत असायचा, मधलं तिथल्या तिथे. सॅव्हेजला ते पटत नसे. त्याने ही लढत पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत कागदावर उतरवली, एकेका हालचालीला क्रमांक दिला. मग दोघे एकमेकांची परीक्षा घ्यायचे. अमुक क्रमांक सांगितला की पुढचं सगळं घडाघडा म्हणायचं. परवचाच म्हणा ना! स्टीमबोटने हे नंतर कित्येक मुलाखतींत सांगितलंय, आणि दरवेळी त्याच्या बोलण्यात थोडं कौतुक आणि थोडा वैताग असतो. संगीत नाटकात पद बसवलेलं असतं म्हणून गायकाला कुणी खोटारडा म्हणत नाही. इथेच का म्हणतात, हे मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही.

(दृश्य: केसाळ पाठीचा जॉर्ज स्टील स्टीमबोटच्या कोपऱ्यात.)

हा हिरव्या जिभेचा प्राणी म्हणजे जॉर्ज 'द अ‍ॅनिमल' स्टील. रिंगच्या कोपऱ्यातल्या गाद्या दातांनी फाडायचा. खरं नाव जिम मायर्स, आणि याच मिशिगन राज्यात शाळामास्तर. कित्येक वर्षं शाळेला सुट्टी लागली की रिंगमध्ये जंगली व्हायचं आणि शाळा उघडली की पुन्हा मास्तर.

(दृश्य: लढत. रेघा वाढतात. चित्र मधूनच उड्या मारतं.)

आता बघा. सॅव्हेज गळ्यावरच जातो. पुन्हा पुन्हा. चार महिन्यांपूर्वीची जखम त्याला पाठ आहे.

स्टीमबोट दोन्ही हातांनी त्याचा गळा धरून त्याला अधांतरी उचलतो. हिशेब.

पाठ टेकते, पंच एक, दोन मोजतात, खांदा उठतो. पुन्हा एक, दोन. पुन्हा. स्टीमबोट पाठोपाठ डाव टाकतोय, श्वास घ्यायला उसंत नाही. प्रत्येक वेळी स्टेडियम उभं राहतं आणि खाली बसतं. मागे ऐकू येतोय तो समालोचक गोरिला मॉन्सूनचा आवाज. त्याच्या शेजारी जेसी व्हेंचुरा, तो खलनायकांच्या बाजूने बोलणारा. हाच पुढे मिनेसोटाचा गव्हर्नर झाला, पण ते असो.

पंच डेव्ह हेबनर धक्का लागून आडवे. सॅव्हेज वरच्या दोरावरून कोपर घालतो. त्याचा हुकमी घाव. मोजायला कुणी नाही.

आणि मग तो घंटा आणायला जातो.

(निवेदन थांबतं. मूळ आवाज.)

स्टील घंटा हिसकावतो. सॅव्हेज त्याला आडवा करून ती परत मिळवतो, दोरावर चढतो. मागून स्टीलचा हात.

(मूळ आवाज. एलिझाबेथचा चेहरा.)

सॅव्हेज उठून स्टीमबोटला उचलायला जातो. स्टीमबोट हवेतच त्याच्या मानेला आणि पायाला कवळ घालतो, लाकडाची मोळी बांधावी तसा. मामा इथे मोठ्याने म्हणाले, "मोळी!" एक, दोन, तीन. नवा विजेता, वेळ 14 मिनिटं 35 सेकंद.

(दृश्य: स्टीमबोट पट्टा उंचावतो. गाडी परत निघते.)

पुढचं थोडक्यात. घरी बाळ येणार म्हणून स्टीमबोटने सुट्टी मागितली आणि जूनमध्येच पट्टा हाँकी टाँक मॅनकडे गेला. सॅव्हेज पुढच्याच वर्षी सर्वोच्च पट्ट्याचा मानकरी झाला. 2011 मध्ये गेला. सिल्व्हरडोम 2017 मध्ये पाडलं. पहिल्या दिवशी सुरुंग उडवले तरी ते जागचं हललं नाही, दुसऱ्या दिवशी कोसळलं. त्यानेही दोनवर खांदा उचलला म्हणायचा.

(दृश्य: कॅसेट पुढे पळते. हल्क होगन, आंद्रे द जायंट. स्वच्छ चित्र.)

ही मुख्य लढत. 15 वर्षं अपराजित, कधीच न उचलला गेलेला आंद्रे, अशी जाहिरात होती. दोन्ही गोष्टी खऱ्या नव्हत्या. खुद्द होगननेच त्याला 1980 मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये उचलून आपटलेलं आहे. काळ्या पोशाखाखाली आंद्रेने पाठीला पट्टा बांधलाय. आता होगन वाकतो, आणि उचलतो.

चित्रावर एक रेघ नाही बघा. रंगही जसेच्या तसे. लायब्ररीतून ही कॅसेट नेणाऱ्यांनी मागे फिरवून फिरवून जो भाग झिजवला, तो मघाचा होता.

(कॅसेट बाहेर येते.)