तो ‘पण’ कशाला?

नमस्कार श्रोतेहो. आज उंचीबद्दल बोलूया म्हणतो, माणसाच्या उंचीबद्दल, आणि त्यातही पुरुषांच्या, कारण बुटक्या पुरुषाला हसायला आपल्याकडे कुणाची परवानगी लागत नाही.

परवा एका शाळेच्या गॅदरिंगला गेलो होतो. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले आणि पोडियमच्या मागून त्यांचं नुसतं कपाळ दिसायला लागलं, मागून शिट्टी आली, पोरं हसली, बरं पोरंच ती, पण स्टेजवरची मोठी माणसंसुद्धा तोंडाला रुमाल लावून हसत होती. त्या माणसाची उभी हयात पाणलोटाच्या कामात गेलीय, चांगलं बोलले ते, पण आता गावात विचारा काय बोलले, कुणाला आठवणार नाही. पोडियम तेवढं आठवेल. आणि मग आभार मानणारा उठला आणि म्हणाला, मूर्ती लहान पण कीर्ती महान. टाळ्या.

मला ना, तो ‘पण’ फार खुपतो. त्याला वाटलं आपण कौतुक केलं. मूर्ती लहान, पण. म्हणजे लहान असूनसुद्धा. लक्षात ठेवा हा ‘पण’, मी परत येतो त्याच्याकडे.

आधी माझ्या मावसभावाची गोष्ट सांगतो. मी स्वतः पाच फूट अकरा इंच. कॉलेजात असताना गणपती मंडळाचा अध्यक्ष झालो, का झालो कुणी विचारलं नाही, मलाही वाटलं आपल्यात काहीतरी असेल. मावशीचा धाकटा माझ्यापेक्षा दहापट हुशार आणि चपळ, त्याला गावात टिल्लू म्हणायचे. मीही म्हणायचो. आता नाही म्हणत.

त्याला पोलिसात जायचं होतं. पोलीस भरतीला पुरुषाची उंची कमीत कमी १६५ सेंटिमीटर लागते, म्हणजे जवळपास पाच फूट पाच इंच. हा भरायचा काठावर. दोन वर्षं रोज लिंबाच्या फांदीला लोंबकळला, हाताला घट्टे पडले. गावातल्या डॉक्टरांनी सकाळी मोजलं तर १६५ आणि वर थोडं, संध्याकाळी मोजलं तर १६४. डॉक्टर म्हणाले बाळा तुझंच नाही, सगळ्यांचंच असतं, मणक्यांच्या मधल्या चकत्या दिवसभर दबतात, रात्री झोपलं की परत फुगतात, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा खेळ असतो.

झालं, घरात ठरलं की भरतीला याला आडवाच न्यायचा.

पहाटे तीन वाजता टेम्पो आला, भाजीचा. मागे गादी टाकली, उशी नाही, दोन पोरांनी याला अंथरुणातनंच उचलला आणि गादीवर ठेवला, म्हणजे एक मिनिटसुद्धा उभं राहायला नको. मी त्याच्या पायाशी बसलो. मावशी ड्रायव्हरशेजारी, आणि रस्ता कसला म्हणता, प्रत्येक खड्ड्याला ती मागे वळून ओरडायची, “आरं हळू हाण की, पोराची उंची सांडंल!” उंची सांडंल. तो शब्द मी आजपर्यंत विसरलेलो नाही. कळशी डोक्यावर घेऊन निघावं तशी ती बाई पोराची उंची घेऊन निघाली होती.

ग्राउंडवर पोचलो, अजून अंधार होता. गेटबाहेर सतरंजी टाकून हा परत आडवा. हजारभर पोरं होती, येणाजाणारा प्रत्येक जण हसून गेला, कुणी म्हणालं आजारी आहे का, कुणी म्हणालं मयत आहे का. हा डोळे मिटून पडलेला. मग नंबर लागले आणि आत लाईनीत उभं केलं. चार तास. चार तास उभा, श्रोतेहो. साडेदहाला पट्टीखाली गेला तेव्हा १६४ पूर्णांक ५. नेक्स्ट.

अपील करता येतं म्हणाले, केलं. दुपारभर उन्हात उभं राहून चार वाजता परत मोजलं. १६४. मोजणारे साहेब वाईट नव्हते, त्यांनी पाठीवर हात ठेवला, म्हणाले नियम आहे बाळा. पण त्याचं धावणं कुणी बघितलंच नाही. पंचक्रोशीत ज्याला कुणी गाठू शकत नव्हतं त्याचं धावणं कुणी बघितलंच नाही, कारण धावण्याआधी पट्टी होती.

येताना तो टेम्पोत उभा राहून आला. तीन तास, मागचा दांडा धरून. मावशी बस म्हणाली नाही. तोही बसला नाही.

पुढचं ऐका. मावशीनं पेपरातली जाहिरात बघून उंची वाढवायची पावडर मागवली, कानातलं मोडून. पोराचं वय तेव्हा बावीस. हाडांची वाढ त्याच्या कितीतरी आधी थांबलेली असते, त्यानंतर पावडर खा नाहीतर काहीही खा, काही होत नाही. आणि औषधानं उंची वाढवून देतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ सालच्या कायद्याने बंदी आहे, चोपन्न सालच्या! तरी या जाहिराती अजून दिसतात, आता मोबाईलवर. घरात कुणी मागवत असेल तर थांबवा, एवढं कराच.

हा पोरगा आज काय करतो, तर कुस्तीच्या मैदानात निवेदन करतो. काय आवाज आहे म्हणून सांगू. पैलवान कुठल्या तालमीतला, वस्ताद कोण, आधी कुठली कुस्ती कुठल्या डावावर मारली, सगळं तोंडपाठ. (मॅटवरची कुस्ती मला अजून पटत नाही, ऑलिम्पिकला लागते ते मान्य, पण जत्रेत तरी माती असू द्या, मातीचा वास नसेल तर कसलं मैदान.) तर एका मैदानाला लोकल चॅनलवाले आले, त्यांनी बातमीत आवाज याचा घेतला, पूर्ण आवाज याचाच, आणि पडद्यावर दाखवला कोण, तर शेजारी उभा असलेला कमिटीतला एक उंच माणूस, फेटा बांधलेला. याने फोन करून विचारलं तर म्हणे दादा फ्रेममध्ये तुम्ही बसत नव्हता. कॅमेरा खाली घेता येतो की! माईक खाली घेता येतो, पोडियमही कापून बुटकं करता येतं, आणि आपण मात्र माणसालाच स्टुलावर चढवतो.

अमेरिकेतसुद्धा हेच. १९८८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतले दोन उमेदवार, डुकाकिस आणि थोरले बुश, समोरासमोर वादाला उभे राहिले तेव्हा डुकाकिसच्या पोडियममागे पायाखाली चौथरा करावा लागला होता. नेपोलियन तर बुटका नव्हताच, फ्रेंचांचा इंच इंग्रजांच्या इंचापेक्षा मोठा, त्यामुळे पाच फूट दोनचा आकडा तसाच उचलला गेला, आपल्या मोजमापात तो पाच फूट सहा-सात इंच भरतो. पण इंग्लंडमध्ये गिलरे नावाच्या व्यंगचित्रकाराने त्याला ठेंगू काढला आणि तोच जगाच्या डोक्यात बसला, दोनशे वर्षं झाली तरी उठत नाही. व्यंगचित्राची ताकद बघा.

आपल्याकडे सिनेमात काय केलं? विनोदी नट मुकरी, आपल्या रायगडातले, शेकडो सिनेमे केले, टायमिंग असं की बघत राहावं. पण त्यांची उंची बघून जे हसू ठरलं ते शेवटपर्यंत ठरलंच. एखादा गंभीर बाप, एखादा वकील त्यांना का मिळाला नसेल भरभरून? मला हा प्रश्न पडतो.

आणि शास्त्रीजी. आमच्या पिढीला लालबहादूर शास्त्री म्हटलं की सोमवार आठवतो, धान्याची टंचाई होती, शास्त्रीजींनी एक वेळ जेवण सोडा म्हटलं आणि सोमवारी रात्री घरोघरी चुली बंद, आमच्या आईने तर पुढे कित्येक वर्षं तो सोडला नाही. जून १९६४ मध्ये ते पंतप्रधान झाले, जेमतेम पाच फूट दोन इंच, धोतर, बारीक आवाज, आणि नेहरूंनंतर हे? असं आपलेच लोक म्हणायचे. पलीकडे पाकिस्तानचे अध्यक्ष अयुब खान, सहा फुटांच्या वर, लष्करी गणवेश. अयुब खाननी शास्त्रीजींना हलकं धरलं आणि ६५ च्या सप्टेंबरात आपलं सैन्य लाहोरच्या दिशेने सरहद्द ओलांडून गेलं. युद्धानंतर ताश्कंदला करार झाला, तिथले फोटो बघा कधी, दोघं शेजारी उभे आहेत. आता मला सांगा, यात ‘पण’ कुठे बसवणार? शास्त्रीजी बुटके होते आणि खंबीर होते. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुनील गावस्कर साधारण पाच फूट पाच, सचिन साधारण पाच फूट पाच, म्हणजे भरतीच्या पट्टीखाली दोघंही काठावर, आणि दुपारी मोजलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करा. लहान पण महान म्हणू नका. लहान आणि महान म्हणा.

वेळ संपत आलाय, एक राहिलं. भरतीची तयारी करणारी पोरं पण हा कार्यक्रम ऐकतात हे मला माहितीय. काठावरची उंची असेल तर रात्रभर नीट झोपा, आदल्या दिवशी ओझी उचलू नका, आणि नंबर येईपर्यंत लाईनीत उभे राहू नका, बाजूला जागा मागून घ्या आणि चक्क आडवे व्हा. लोक हसतील. पडून राहा.